ढेकणांची साक्ष

"उद्याच्या उद्या खोली रिकामी करा!" सुपडूशेटनं फर्मान सोडलं, आणि पाठशाळेची चार पोरं पोथ्या छातीशी धरून ओट्यावर बसून राहिली. परीक्षा पंधरा दिवसांवर, घरं चाळीस कोसांवर. आता गेली की वर्षच गेलं.

त्यांना रोज भाकऱ्या करून घालणारी गोजरामावशी टोपलं घेऊन आली. एरवी चौघं मिळून अठरा भाकऱ्या उठवायचे आणि वर टोपल्यात डोकावायचे. आज एकानंही हात लावला नाही.

"कोण गेलं रे?" मावशीनं विचारलं.

"आम्हीच चाललो मावशी," नरहरी म्हणाला. "शेट म्हणतात, खोलीत ढेकूण आम्ही आणले."

मावशीला हसूच फुटलं. त्या खोलीतले ढेकूण शेटच्या आजोबांच्या वेळचे. शेटपेक्षा वयानं मोठे म्हणा ना! खरी गोम वेगळीच होती. अधिक महिना लागत होता, शेटचा जावई अनारसे हाणायला येणार होता, आणि त्याला हीच हवेशीर खोली द्यायची होती. आडवा येत होता तो रणधवल राजाचा कायदा. घरमालकानं खोली राहण्याजोगी द्यावी, परीक्षा होईस्तोवर विद्यार्थ्याला बाहेर काढू नये. मात्र विद्यार्थ्यानं खोली नासवली, तर त्याला त्याच दिवशी काढावं. शेटनं नेमकं ते शेवटचं वाक्य पकडलं होतं.

प्रकरण दरबारात गेलं. मावशीही पदर खोचून मागोमाग गेली.

आता हा रणधवल राजा म्हणजे हट्टाचा मेरुमणी. एकदा बोलून गेला की माझ्या वाड्याचं दार पूर्वेला आहे. दार होतं पश्चिमेला. शब्द मागं घेण्याऐवजी पठ्ठ्यानं दार पाडून पूर्वेला बसवलं!

"ढेकूण पोरांचेच असतील, तर त्या खोलीत जावयाला कसा झोपवणार?" राजानं विचारलं.

"पोरं गेली की त्यांच्यामागोमाग ढेकूणही जातील, महाराज," शेट म्हणाला. "माया असते त्यांना."

"साक्षीदार कोण?"

कुणीच नव्हता. राजानं मिशीला पीळ दिला. "मग ढेकणांनाच विचारा. उद्या दुपारपर्यंत त्यांनी माझ्यासमोर आपला मालक दाखवावा. नाहीतर पोरांनी खोली सोडावी."

प्रधानजी हळूच म्हणाले, "महाराज, ढेकूण बोलत नाहीत."

"तो त्यांचा प्रश्न!"

पोरांचे चेहरे पडले. मावशी मात्र पुढं झाली. "कबूल, महाराज. पण गाईच्या भांडणात आपण जे करता, तेच इथं करायचं."

त्या राज्यात रीतच होती. एका गाईवर दोघांनी हक्क सांगितला, की गाय चावडीपुढं मोकळी सोडायची. ती ज्याच्या गोठ्यात शिरेल, तो मालक.

"दिला शब्द," राजा म्हणाला.

बाहेर पडल्या पडल्या नरहरीनं डोक्याला हात लावला. "मावशी, हे काय कबूल केलंस?"

"रडायचं नंतर. आधी मोठा हंडा चुलीवर चढव."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांनी खोलीतली बाज खांद्यावर वाहून आणली आणि दरबाराच्या मधोमध ठेवली. ढेकणांची साक्ष ऐकायला अख्खं गाव लोटलं होतं.

"ही बाज म्हणजे चावडी," मावशी म्हणाली. "एका अंगाला पोरं बसतील, दुसऱ्या अंगाला शेट. ढेकूण ज्याला चावेल, तो मालक. गाय घरी जाते, ढेकूणही घरीच जेवतो."

पोरं टुणकन बसली. शेट मात्र बाजेकडं असा बघत राहिला, जशी ती बाज नसून तवा आहे.

"बसा की शेट. परक्याचे ढेकूण तुम्हाला कशाला ओळखतील?"

शेट टेकला. मनाशी ठरवलं, चावला तरी हलायचं नाही. थोड्या वेळानं त्याची भुवई उडाली. मग खांदा. मग पाठ आपोआप वळवळू लागली. पोरं ढिम्म! नरहरी तर धडा पुटपुटत होता. शेवटी शेट उसळी मारून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी खाजवत सुटला.

"चावला, चावला!"

"ओळखलं बरं मालकाला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"छट्! ढेकूण पोरांचेच! सगळी बाज बुजबुजलीय, त्यातला एक चुकून माझ्याकडं आला!"

मावशी याच वाक्याची वाट बघत होती. "प्रधानजी, जरा बाज आपटा बघू."

प्रधानजींनी पांढरं धोतर अंथरून बाज चारदा आपटली. धोतर कोरंच्या कोरं. एक ढेकूण पडेल तर शपथ!

"पडेल कुठून? काल हिच्यावर चार हंडे कढत पाणी ओतलं, आज सकाळपासून उन्हात भाजली, वर नवा दोर विणला. आता शेट, तुम्हीच सांगा. चावला असेल, तर तो तुमच्या अंगरख्यातून आला, म्हणजे घरचाच. चावला नसेल, तर तुम्ही महाराजांपुढं थाप मारलीत. दोन्हींतलं काय घेता?"

राजा मांडीवर थाप मारून असा हसला, की मुकुट कानावर आला.

"पोरं राहतील! आणि आजपासून नवा कायदा. खोली देण्याआधी घरमालकानं त्या खोलीच्या बाजेवर घटकाभर बसून दाखवावं."

"आणि माझा जावई?" शेट कळवळला.

"अनारसे ओट्यावरही गोडच लागतात," मावशी म्हणाली.

राजानं तिला जरीकाठी लुगडं दिलं आणि राज्यातल्या भाड्याच्या खोल्या तपासायचं कामही दिलं. देता देता त्यानं मान खाजवली. ते बघून प्रधानजींनी पोटरी खाजवली, भालदारानं भाल्यानं पाठ खाजवली, आणि बघता बघता सगळा दरबार करकरा खाजवू लागला.

मावशीनं सिंहासनाच्या गादीकडं एक नजर टाकली आणि पदर खोचला.

"महाराज, हुकूम असेल तर पहिली तपासणी इथूनच करते. फक्त हंडा जरा मोठा लागेल."

एका हातानं खाजवत आणि दुसऱ्यानं डोळे पुसत राजा सिंहासनावरून उठला, आणि हसत हसतच तिला जागा करून दिली.