तेलवड्याचा रिकामा बटवा

ही गोष्ट शंभर टक्के खरी. माझ्या आजोबांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आता, आजोबा जन्मले त्याच्या कितीतरी पिढ्या आधीच ती घडून गेली होती, हा भाग वेगळा.

तेलवड्याच्या इस्राएल आळीत शिरताना रातांब्याखाली हे दगडी घाण्याचं उखळ लागतं. आतलं पाणी बघा, काळं, तेलकट. तळाशी दोन गोटे आहेत. इतक्यात हात घालू नका.

असे सांगतात, की बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणात आलेल्या यहुद्यांचं, गलबत या किनाऱ्यावर फुटलं तेव्हा पोथ्या, भांडीकुंडी, सगळं समुद्रानं नेलं. वाचलेल्या एकाच्या मुंडाशात मात्र दोन गोटे राहिले. त्यांच्या जुन्या देशात मुख्य याजक छातीवरच्या वस्त्रात उरीम आणि थुम्मीम नावाच्या दोन पवित्र वस्तू बाळगत असे, आणि राजासुद्धा लढाईआधी त्यांच्याकडून देवाचा कौल घेई. आपले गोटे त्यांचेच भाऊबंद, असं तेलवडेकरांनी ठरवून टाकलं. पांढरा निघाला तर निर्दोष, काळा निघाला तर दोषी.

इथे ही माणसं तेल गाळू लागली. शनिवार हा देवाचा विसाव्याचा दिवस; त्या दिवशी घाणे बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. गोटे असत काझीच्या बटव्यात. काझी म्हणजे आळीचे तंटे निवडणारा. पण पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या हातांनी हाताळून दोन्ही गोटे एरंडाच्या बियांसारखे एकसारखे होऊन गेले. तरी काझी एक गोटा काढून "पांढरा" किंवा "काळा" म्हणे आणि आळी मान डोलवी.

अहरोनजी काझीच्या वेळची गोष्ट. एका शनिवारी दिवस मावळताना मलकाबाई नावाच्या विधवेच्या घाण्याखालचं भांडं तेलानं अर्धं भरलेलं सापडलं. शुक्रवारी दिवेलागणीला ते कोरडं ठणठणीत होतं, हे तिच्या दिरानं, इसाजीनं, पाहिलेलं. म्हणजे बाईनं शनिवारी घाणा चालवला! याला शिक्षा एकच, वाळीत टाकायचं. दाराशी विस्तव द्यायचा नाही, मेल्यावर खांदा द्यायचा नाही.

रविवारी सकाळी आळी जमली. मलकाबाई म्हणाली, "घाईघाईत घाण्याच्या लाकडावरचे धोंडे उतरवायचे राहिले हो, भावजी, ते आपले घाणी दाबत राहिले. मी थांबले, बैल थांबला. तेलाला कोण सांगणार, आज शनवार आहे म्हणून?"

दोघं-चौघं हसले. इसाजी हसला नाही. "बैल थांबला, हे पाहिलं कोणी?"

अहरोनजी जमिनीकडे बघत राहिला. कारण पाहिलं होतं त्यानंच. त्या शनिवारी उजाडताच तिचा कवड्या बैल काझीच्या परसात शिरून दुधीचा वेल ओरबाडत होता. काझीनं काठी उचलली, बैलाला खेचत नेलं आणि फणसाला बांधून घातलं. दिवस मावळल्यावर सोडला. आता काठी चालवणं काय, गाठ मारणं काय, शनिवारी सगळंच निषिद्ध. तोंड उघडलं तर वाळीत जायची पाळी काझीची. त्यानं मनाशी म्हटलं, आपण कशाला बोला? गोटा बोलेल.

त्यानं बटव्यात हात घातला, गोटा काढला आणि म्हणाला, "पांढरा."

"कशावरून?" इसाजीनं विचारलं. हा प्रश्न तेलवड्यात त्याआधी कोणी केला नव्हता म्हणे. "दुसरा काढा बघू, काझीबाबा."

दोन्ही गोटे तळहातावर आले. बायका वाकून बघू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगो बाई, हे तर जुळे!"

"मग आजवर कौल देत कोण होतं?" इसाजी म्हणाला.

काझीनं मलकाबाईकडे पाहिलं. ती कवड्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, उद्या हा कोणाच्या दावणीला जाणार याचा विचार करत असावी. 

"बैल माझ्या दारात होता," तो म्हणाला. "शनवारी. दिवसभर फणसाला मीच बांधून ठेवला."

 इसाजीनं हळूच विचारलं, "सुरगाठ की निरगाठ?"

"निरगाठ."

"निरगाठ असेल तर बैल सुटून घाण्याला गेला नसणार," इसाजी म्हणाला. "वहिनी निर्दोष. आणि काझीबाबा, तुमचं तुम्हीच सांगा."

"दोषी," काझीनं सांगितलं. दोन्ही गोटे मलकाबाईच्या घाण्यात, याच उखळात, टाकले, रिकामा बटवा इसाजीच्या हातात दिला आणि आळीबाहेर जाऊन राहिला. पहिल्याच संध्याकाळी त्याच्या झोपडीत विस्तव घेऊन कोणी गेलं असेल, तर ती मलकाबाई. तिला कोणी अडवलं नाही. अडवायला पुढे झालेल्या म्हातारीलाच इसाजीनं अडवलं, असे सांगतात.

आजही तेलवड्यात तंटा झाला की सगळ्यांत वडीलधारा माणूस रिकाम्या बटव्यात हात घालतो, बाहेर काढतो आणि उघडा तळवा सगळ्यांना दाखवतो. मग ज्यानं पाहिलं असेल, त्यानं बोलायचं.

आता एक कबूल करतो. गोटे एकसारखे झाले होते, हे मी पदरचं घातलं, आळीची अब्रू राखायला. घाला हात, काढा बाहेर. एक पांढरा, एक काळा. आजही लख्ख ओळखू येतात. त्या सकाळी काझी "पांढरा" म्हणाला तेव्हा त्याच्या हाती काळा होता, आणि तो सगळ्या आळीनं पाहिला होता.