चंद्री खारवीण आणि बुडालेल्या गलबताची पानं

फार वर्षांपूर्वी, आपल्या किनाऱ्याला चहा ठाऊकही नव्हता तेव्हा, सायखाडीत चंद्री नावाची खारवीण राहायची. तिचा नवरा धाकू मासेमारी करायचा.

एके वर्षी एक परकं गलबत खडकावर आपटून फुटलं. चीन देशातून निघालं होतं, विलायतेला चाललं होतं. एकही माणूस वाचला नाही. लाकडी पेट्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. आत काळी, सुकलेली, वळलेली पानं. असं म्हणतात, त्या दिवशी खाडीचं पाणी तांबूस झालं आणि मासे दूर निघून गेले.

पानांचं करायचं काय, कुणाला कळेना. कुणी ती म्हशीपुढे टाकली, कुणी उशीत भरली. चंद्रीनं भाजी शिजवून बघितली. कडू जहर! पानं तिनं उकिरड्यावर फेकली, पाणी टोपात तसंच राहिलं. सकाळी बघते तर दारातून टोपापर्यंत ओली पावलं आलेली. टोप रिकामा. आणि परत गेलेली पावलं चुलीच्या राखेची, अगदी कोरडी. चंद्री घाबरली. कुणाला बोलली नाही.

मग गावात थंडी शिरली. भर उकाड्यात धडधाकट माणसं कुडकुडू लागली. आधी हात गार पडत, मग छाती. धाकूनं अंथरूण धरलं. दिवेलागणीला दारोदार ओलीचिंब माणसं उभी दिसत. नुसती ओंजळ पुढे करत.

खोत म्हणाला, "समुद्राचं समुद्राला देऊन टाका." लोकांनी पेट्या, उशा, सगळं बुडवलं. थंडी हटली नाही.

तेव्हा चंद्रीला ती पावलं आठवली. धाकूच्या डोक्याखालची, त्याच पानांनी भरलेली उशी तिनं कुणाला नेऊ दिली नव्हती. ती तिनं उसवली आणि पानं पाण्यात उकळायला टाकली.

"चंद्रे, नको जाऊ," धाकू म्हणाला. "ती माणसं नाहीत."

"माणसंच होती की. गारठून मेली बिचारी."

पहाटेच्या धुक्यात ती टोप घेऊन किनाऱ्यावर गेली. एकेक जण पाण्यातून वर आला. चंद्री करवंटी भरून देई, तो पिई, आणि वाफेसारखा विरून जाई. टोपात एकच करवंटी उरली. ती तिनं धाकूसाठी राखली होती. पण धुक्यातून आणखी एक जण आला. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. दात वाजत होते.

चंद्री बराच वेळ करवंटी छातीशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "घे रे बाबा. सावकाश पी."

रडतच ती घरी परतली, तर धाकू घामानं भिजून उठून बसलेला! भूक लागली म्हणत होता.

असं म्हणतात, त्यानंतर चंद्रीचे हात कधी गार पडले नाहीत. म्हातारी होऊन ती गेली, तेव्हा अंग निवायची लोकांनी वाट पाहिली. हात निवलेच नाहीत. शेवटी तशीच नेली.

पुढे चहा दुकानात मिळू लागला, घरोघर आला. पण सायखाडीत आजही कुणी अनोळखी माणूस भिजून दारात आला, तर नावगाव विचारायच्या आधी त्याच्या हातात चहा देतात. त्याला चंद्रीचा चहा म्हणतात. पिऊन झाल्यावर बहुतेक जण आपलं नाव सांगतात. एखादा सांगत नाही. त्याला पुन्हा विचारायचं नाही, असं चंद्रीनं सांगून ठेवलंय.