सुटलेली गाठ

पक्ष्यांचे निरोपही जेव्हा बांधून पाठवावे लागत, त्या काळातली ही गोष्ट.

नदीपलीकडे एक आंधळं कासव औषधी मुळ्या सांभाळायचं. त्याच्याकडे मागणी जायची ती पानांच्या पुड्यातून. मोठ्या पुड्यात छोट्या पुड्या असत: एकीत आजाऱ्याचं पीस, दुसरीत हव्या त्या मुळीचा तुकडा. कासव चाचपून सगळं ओळखायचं. पण एकाही पुडीची गाठ सुटलेली लागली, की अख्खा पुडा परत!

सुगरणीने बांधलेला पुडा मात्र कधीच परत येत नसे. तो घेऊन जायचा कोतवाल पक्षी. "पंख माझे दुखतात आणि कौतुक हिचं!" तो आतल्या आत जळायचा.

एके दिवशी पुडा नेताना तो वाटेत थांबला आणि पानांच्या फटीतून चोच घालून आतली एक गाठ त्याने हळूच सोडली. 'होऊ दे एकदा फजिती!'

कासवाने चाचपलं आणि पुडा परत दिला. कोतवाल खुशीतच परतला. "आला बरं का तुझा पुडा परत!"

"असं कसं? गाठ मी स्वतः मारली होती," म्हणत सुगरणीने पुडा उघडला. सुटलेल्या पुडीतून एक कोवळं काळं पीस खाली पडलं.

"हे कोणाचं?" कोतवालाचा आवाज चिरकला.

"तुझ्या धाकट्याचं. सकाळी तू बाहेर पडलास आणि त्याला ताप भरला. तुझी बायको रडतच आली होती. वाटेत तुझा जीव घाबरा होऊ नये म्हणून तुला सांगितलं नाही."

कोतवालाने झडप घालून पीस पुडीत ठेवलं आणि गाठ मारायला घेतली. पण ज्या चोचीने ती क्षणात सोडली होती, त्या चोचीला ती काही केल्या बांधता येईना.