झालंच समजा

एका राज्यात असा राजवाडा होता, की नोकरीला माणूस जाई तो दोन पायांनी, आणि आठवडा सरायच्या आत पंख फुटून तुळईवर जाऊन बसे. हसू नका! पोपटच होत ते, चांगले हिरवेगार, आणि दिवसभर एकच ओरडत, "झालंच समजा! झालंच समजा!"

हे सगळे चेटकीण काळिंदीमुळे झाले. राजा रणकेसरी नवाच गादीवर बसला होता. भर उन्हाळ्यात ती वाड्यात आली. राजा एकटाच झोपाळ्यावर लवंडला होता. ती म्हणाली, "राजा, माझ्या हौदातल्या मासोळ्या तडफडताहेत. पाणी सोड." राजाने मान वर न करता उत्तर दिले, "झालंच समजा." आणि विसरला की हो! मासोळ्या मेल्या. काळिंदी परत आली आणि तिने मूठभर वाळू त्याच्या पायांवर भिरकावली. "या वाड्यात न झालेल्या कामाला जो चाकर 'झालं' म्हणेल, तो पोपट होईल." पुढे आणखी एक वाक्य ती बोलली. ते मात्र राजाने कोणालाच सांगितले नाही. उलट त्या दिवसापासून कोणी 'नाही' म्हटले, की तो तलवारीला हात घाली.

अशा वाड्यात दुर्पदा नावाची मुलगी चाकरीला आली. तिचा थोरला भाऊ भिकाजी इथेच नोकरीला येऊन बेपत्ता झाला होता. आल्या आल्या तिने वर पाहिले. एका पोपटाच्या गळ्यात तांब्याचा ताईत! आईने भिकाजीच्या गळ्यात बांधलेला, तोच!

"दादा?" ती पुटपुटली.

"झालंच समजा!" पोपट म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते.

अगं बाई गं! दादाच तो! पण राजाने हाक मारली होती, आणि नव्या चाकराला तीन कामे करून दाखवावी लागत.

राजा म्हणाला, "तळघरात राक्षस झोपला आहे. त्याला जाग न आणता त्याची दाढी विंचर."

"फणीने, की हाताने, महाराज?" दुर्पदाने विचारले.

दरबार चपापला. नवे चाकर काही विचारत नसत, मान डोलावून पळत. राजा म्हणाला, "फणीने." तिने दाढी विंचरली, फणी धुऊन जागेवर ठेवली, आणि मगच वर येऊन म्हणाली, "झालं." ती दुर्पदाच राहिली. सगळ्यांनी तोंडात बोटे घातली.

दुसरे काम दवाचा हार ओवायचे. दव उन्हाने उडते, म्हणून ती सूर्याच्या आधी बागेत हजर! हार राणीच्या गळ्यात पडला तेव्हा कुठे प्रधान जांभया देत उठत होता.

तिसरे काम ऐकून मात्र प्रधानही पांढराफटक पडला. "काळिंदीचा हौद काठोकाठ भर. सूर्य बुडायच्या आत."

दुर्पदाने पदर खोचला आणि नदीवरून कळशा वाहिल्या. हौद भरत आला. एक कळशी उरली. ती ओतली, तर पाणी हवेतच विरून गेले! पुन्हा ओतली, पुन्हा विरले. हाताला फोड आले, रडू आले, ऊन उतरले. राजा लवाजमा घेऊन हौदाशी आला. तुळईवरचे पोपटही उडत मागोमाग येऊन झाडांवर बसले.

"झालं?" राजाने विचारले.

प्रधान कानाशी कुजबुजला, "वेडे, कळशीभर तर उणं आहे. तलवारीपेक्षा पोपट होणं परवडलं. झालंच समजा म्हण आणि मोकळी हो!"

दुर्पदाने ताईतवाल्या पोपटाकडे पाहिले. तिला फार भीती वाटत होती.

"नाही झालं, महाराज. एक कळशी राहिली आहे. माझ्याच्याने ती भरत नाही."

बाप रे! 'नाही'! राजाच्या तोंडावर! भालदाराच्या हातची काठी पडली. राजाची तलवार सपकन बाहेर आली आणि दुर्पदाने डोळे मिटून घेतले.

पण घाव पडला नाही. सगळे पोपट एकाएकी गप्प झाले होते. त्या शांततेत राजाला काळिंदीचे ते दडवलेले वाक्य आठवले: "कोणी तोंडावर 'नाही झालं' म्हणेल, ते ऐकून घे, आणि राहिलेलं तू स्वतः कर, तरच शाप उतरेल." राजाचा चेहरा शरमेने लाल झाला.

"पोरी, ते काम तुझं नव्हतंच," तो म्हणाला. "कळशी इकडे दे."

रणकेसरीने धोतर वर खोचले, नदीत उतरला, धापा टाकत कळशी आणली आणि ओतली. हौद काठोकाठ भरला. पाण्यात मासोळ्या सळसळल्या. आणि धबाधब! झाडांवरून माणसेच माणसे खाली पडली, कोणाची पगडी वाकडी, कोणाच्या तोंडात अजून पेरू. दुर्पदाने भिकाजीला मिठी मारली आणि हमसून हमसून रडली.

राजा नखशिखांत भिजला होता. "अरे, कोणी पंचा आणा," तो म्हणाला.

भिकाजी लगबगीने पुढे झाला. "झालंच स..."

दुर्पदाने झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला.

तिचा हात हळूच बाजूला करून तो म्हणाला, "आणतो, महाराज."

गेला, आणि पंचा घेऊन आला.