साळूचा ओटा

त्या राज्यात अर्धे वर्ष थंडी असे, आणि ऊब राजवाड्यातून येई. सिंहाच्या वाड्यात एक प्रचंड भट्टी होती. तिची गरम हवा मातीच्या नळांतून बिळाबिळांत पोहोचे. जो राजाविरुद्ध बोले, त्याचा नळ गार पडे. म्हणून प्रजा कुजबुजत जगे आणि त्यालाच सभ्यपणा म्हणे.

धुरपा ही साळू. अंगभर काटे आणि बोलणे सरळ. तिने भरसभेत विचारले, की भट्टीसाठी लाकूड आमच्या रानातले, मग ऊब तेवढी तुमची कशी? संध्याकाळपर्यंत तिचा नळ गार झाला.

राजाचा कारभारी कोल्हा समजूत घालायला आला. शब्द मागे घेतलास तर नळ लगेच सुरू होईल, असे त्याने गोडीत सांगितले.

"शब्द माझा आहे, नळ तुमचा," धुरपा म्हणाली, आणि त्याच्यादेखत तिने नळाच्या तोंडात ओल्या मातीचा गोळा ठोसला.

आता ऊब कुठून आणायची? शेगडी सोपी होती, पण कोळसा राजाच्याच कोठारात मिळे. अस्वलाने आपल्या गरम झऱ्याचे पाणी देऊ केले. पण बोलताना त्याने 'माझ्या कृपेने' इतक्यांदा म्हटले, की ती नमस्कार करून परतली. शेवटी तिने चूल मांडली. काटक्या आपण वेचायच्या आणि धुराची वाट जाड मातीच्या ओट्यातून फिरवायची, म्हणजे विस्तव विझला तरी ओटा ऊब धरून राहील. पहिला ओटा तडकला. दुसऱ्याने घर धुराने भरले. तिचे डोळे सुजले, शेजारी दबक्या आवाजात हसले. तिसरा मात्र सकाळपर्यंत गरम राहिला.

ऐन कडाक्यात शेजारच्या सशिणीचे पिल्लू झोपेत राजाबद्दल काहीबाही बरळले. तिचाही नळ गार पडला. गारठलेली पिल्ले घेऊन ती धुरपाकडे आली, ओट्यावर टेकली आणि सवयीने कुजबुजू लागली.

"इथे मोठ्यानं बोललं तरी चालतं, बाई," धुरपा म्हणाली.

सशिणीने पिल्लांना ओट्यावर निजवले. मग ती मोठ्याने रडली, आणि त्याहून मोठ्याने बोलली. जाताना ओटा कसा बांधायचा ते शिकून गेली. तिच्याकडून मुंगूस शिकला, मुंगसाकडून घोरपड. एकेका बिळातला नळ मातीने बुजत गेला.

राजवाड्यातली भट्टी पूर्वीसारखीच धडधडत होती. बुजलेल्या नळांतून ऊब माघारी फिरली. दालने तापली, भिंतींना हात लावण्याची सोय उरली नाही. अखेर सिंहाने आपल्याच पंजाने कधी न उघडलेल्या खिडक्या उघडल्या. थंड वाऱ्याबरोबर खालच्या उतारावरच्या बिळांतून आत आले ते बोलणे, मोकळे, खणखणीत, शेकडो गळ्यांचे.