घंटेमागचा बांध

फार फार वर्षांपूर्वी, वारा दमला की एखाद्या गावात मुक्कामाला राहत असे, तेव्हाची ही गोष्ट. धुक्यातल्या एका डोंगरगावात लोक त्या वाऱ्याला भात्याने पितळी नळीत भरत. मग मातीची गोळी घालायची आणि खटका ओढायचा, की गोळी सुसाट सुटे. दरवर्षी तळ्याकाठी मातीच्या बांधासमोर कांशाची घंटा टांगत. ऊन पाण्याला टेकायच्या आत नवशिक्याने नेम धरून गोळीने ती वाजवायची. ही संधी आयुष्यात एकदाच मिळे.

शेवंताला ती घंटा वडिलांसाठी वाजवायची होती. त्यांची दृष्टी गेली होती, लेकीचं कौतुक आता कानांनीच व्हायचं होतं.

गावची वस्ताद एक म्हातारी होती, जिभेची तिखट. तिने कितीतरी दिवस शेवंताला गोळीला हात लावू दिला नाही. नळीचं तोंड जमिनीकडे ठेव, बोट खटक्यापासून लांब ठेव, आणि नेम धरण्याआधी चालत जाऊन घंटेमागे बघून ये, एवढंच घोकून घेतलं. शेवंता अगदी कंटाळली. एकदा घरी तिने भिंतीवरची वडिलांची जुनी नळी ऐटीत उचलली, रिकामीच तर आहे म्हणत खटका ओढला, आणि आईचा भरलेला डेरा फुटला. ओसरीभर पाणी झालं.

म्हातारी रागावली नाही. "पोरी, आत वारा निजलाय की जागा आहे, ते बाहेरून कळत नाही. नळी भरलेलीच आहे असं धरून चालावं," ती म्हणाली.

घंटेचा दिवस उजाडला. धुकं इतकं दाट, की घंटा तेवढी अंधुक दिसत होती. लोक घाई करू लागले, ऊन येईल म्हणाले. शेवंताचे हात शिवशिवत होते. पण तिला तो फुटलेला डेरा आठवला. तिने नळी खाली ठेवली आणि घंटेकडे चालू लागली. मागे हसण्याची खसखस पिकली.

घंटेमागे, बांधाला टेकून, तिचे वडील बसले होते.

"तुझी घंटा जवळून ऐकायची होती गं, म्हणून पहाटेच काठी टेकत आलो," ते म्हणाले.

शेवंताने त्यांचा हात धरला आणि हळूहळू त्यांना बाजूला नेलं. तोवर ऊन पाण्यावर येऊन बसलं होतं. संधी गेली होती, आणि आता कुणीच हसत नव्हतं.

म्हातारी उठली. तिने घंटा दोरीसकट उतरवली आणि शेवंताच्या वडिलांपुढे टांगती धरली. त्यांनी बोटाने हलकेच टिचकी मारली. तो नाद तळ्यावरून दूरवर गेला, धुक्यात बराच वेळ रेंगाळला.

"ही घंटा पोरीने वाजवली," म्हातारी गावाला म्हणाली, आणि कुणी हरकत घेतली नाही.

तात्पर्य : निशाण्याच्या मागे कोण आहे हे पाहण्यासाठी ज्याला थांबता येतं, त्याच्याच हाती हत्यार द्यावं.