जोशाची मांडी

बोरघळीहून देवीच्या डोंगरावर जाताना अर्ध्या चढणीवर एक रुंद काळा खडक लागतो. मध्ये खोलगट, दोन्ही कडांना उचललेला. गावातले त्याला जोशाची मांडी म्हणतात. कोणी नव्याने विचारले, की देवीचे गुरव बंडूतात्या आधी तिथे टेकतात, दम खातात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी गावात केसो जोशी होता म्हणे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. तळाला भोक असलेली वाटी तो घंगाळातल्या पाण्यावर सोडी. ती बुडाली की एक घटका झाली. त्यावरून तो जन्मवेळ धरी आणि चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते सांगे. मूळ नक्षत्रावरचे मूल बापाच्या जिवावर उठते, असा तेव्हा समज. असे मूल डोंगरापलीकडच्या घळीत ठेवून यायचे. केसो सांगून येई, अंघोळ करी, आणि त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. कोणाकडे बाळंतपण आहे असे कळले, की पुढे पुढे त्याचे पायच उचलेनात.

एका सकाळी सटवा कुंभाराला मुलगी झाली. केसोने हिशेब केला, पुन्हा केला. दोन्ही वेळा मूळच आले. त्याने तसे सांगितले. सटवाने मुलगी फडक्यात गुंडाळली आणि त्याच्याच हातात दिली.

“जोशीबाबा, तुम्हीच ठेवून या. माझ्यानं व्हायचं नाही.”

आजवर असे कोणी केले नव्हते. केसो निघाला. इथवर आल्यावर त्याला धाप लागली, म्हणून तो या खडकावर बसला. मुलगी मांडीवर झोपली. घळ त्या वळणापलीकडेच होती. आता उठू, मग उठू, असे करीत तो बसून राहिला. ऊन डोक्यावर आले. शेवटी उठला, तो गावाकडे उतरला.

कुंभाराच्या अंगणात लोक जमले. केसो म्हणाला, “नक्षत्र खोटं नाही. ते बापावर येतं. तर आजपासून हिचा बाप मी. यायचं ते माझ्यावर येऊ दे.”

“आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर?” मुलीच्या आईने, भिवराने विचारले.

“मी फार दमलोय, पोरी. तू हिला आधी पाज.”

मुलगी आईपाशी राहिली, नाव जोशाचे लागले. सटवा तिच्याकडे बघत नसे. संध्याकाळी केसो येई आणि तिला मांडीवर घेऊन बसे. मुलीला दात यायच्या आधीच त्याने अंथरूण धरले, असे सांगतात. जाताना त्याने सटवाला जवळ बोलावले.

“पुढं अशी मुलं त्या खडकावर ठेवा, माझी म्हणून. मेलेल्या बापाला नक्षत्र आणखी काय करणार?”

त्याचे दिवस झाले, तेव्हा सटवाने मुलीला पहिल्यांदा कडेवर घेतले.

आजही बोरघळीत मुळावर मूल जन्मले, की ते या खडकावर आणून ठेवतात. बाप पाठ करून उभा राहतो. आई म्हणते, “केसोबाबा, तुमचं लेकरू सांभाळायला नेते,” आणि उचलून घेते. मग बाप वळतो, मुलाचे तोंड बघतो. पलीकडच्या घळीत मात्र तेव्हापासून एकही मूल गेलेले नाही.